जमादाराने धरून आणलेली कोळीण

ते प्रकरण आठवलं की अजून माझाच मला राग येतो. साठच्या दशकात तारापूरकडे मोठी बांधकामं निघाली होती आणि मी बोईसर भागात नवखा फौजदार होतो. एका ठेकेदाराने पहाऱ्यासाठी स्वतःची माणसं ठेवली होती. त्यांचा जमादार एका दुपारी जवळच्या मुरबे गावच्या एका कोळणीला घेऊन ठाण्यात आला. सोबत तिची मासळीची पाटी, आणि मासळीखाली तांब्याची तार.

"आज सकाळीच पकडली साहेब. गोदामातून तार उचलताना मी डोळ्यांनी पाहिली."

असा गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर खासगी माणूसही चोराला धरू शकतो. मात्र विनाकारण वेळ न काढता पोलिसांच्या हवाली करायचं, असा कायदा. जमादाराचं बोलणं त्यात अगदी फिट्ट बसत होतं. इतकं नेमकं बोलणाऱ्याचाच संशय यायला हवा होता. मला आला तो बाईचा, कारण ती मान वर करत नव्हती. "मी नाय घेतली," एवढंच म्हणायची.

मी घाटावरचा, शाकाहारी. नाकाला रुमाल लावून पंचनामा लिहायला बसलो. सातपाटीच्या कोळीवाड्यातला एक शिपाई पाटीत डोकावला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हा म्हावरा परवाचा हाय. सडलाय. असला म्हावरा घेऊन आमच्याकडची बाई विकायला निघंल काय?"

मला वाटलं होतं, मासळीला असाच वास येतो.

जमादाराला आतल्या खोलीत एकट्याला बसवलं. "परवापासून बाई कुठे होती?" तासभर त्याने थापा मारल्या, मग घाम पुसत कबूल झाला. तार चोरीला गेली म्हणून मालक त्याच्यावर खेकसला होता. कुणीतरी चोर दाखवायला हवा होता. मासळी विकायला आलेल्या हिला त्याने धरलं आणि कबुलीसाठी दोन दिवस गोदामात उपाशी डांबलं. ती बधेना, तेव्हा तिथलीच तार कापून पाटीत ठेवली. तिचा नवरा होडीवर, समुद्रात. शोधायलाही कोणी आलं नव्हतं.

गुन्हा जमादारावर नोंदवला. बाईला विचारलं, "आल्या आल्या का सांगितलं नाही?"

"तो बोलला, मी पोलीसच हाय. खाकी त्याची, खाकी तुमची. पोलिसाची कागाळी पोलिसाकडं कशी करू?"

पुढे नोकरीभर, कुणी कुणाला धरून आणलं की मी आधी विचारायचो: कधी धरलं, आणि तोवर कुठे ठेवलं? पण त्या दिवशी जमादाराला तो आल्याबरोबर मी खुर्ची दिली होती. तिला, दोन दिवसांच्या उपाशी बाईला, पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.