डीपीची सुटलेली पट्टी

मागच्या रविवारी आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये हळद होती, तिसऱ्या माळ्यावरच्या काकूच्या पोरीची. मंडप पार भिंतीपर्यंत ताणलेला. अन् भिंतीले लागूनच बिल्डिंगची डीपी... म्हणजे आमचा ट्रान्सफॉर्मर, जाळीच्या आत, पोटात तेल भरलेला.

त्या जाळीपाशी सावली बरी म्हणून माही आई तिथंच खुर्ची टाकून बसली होती. तिचे गुडघे असे, का एकदा बसली का उठाचं नाव नाही.

मी खरं तर बुंदीवर हात माराले आलो होतो. जाळीजवळ पायाले काहीतरी लागलं... पाहतो तर अर्थिंगची लोखंडी पट्टी! नट काढून बाजूले वाकवून ठेवलेली.

मी काही दिवस वायरमनच्या हाताखाली होतो, तेवढंच आपलं शिक्षण. लाइनवर वीज कडाडली का खांबावरचे अरेस्टर तो झटका ह्या पट्टीतून जमिनीत सोडतात. पट्टीच सुटली तर झटका सरळ डीपीत... अन् डीपी फुटली का उकळतं तेल अंगावर.

वर पाहिलं. कामठीकडून आभाळ काळंठिक्कर येऊन राहिलं होतं.

"भाऊ, पट्टी काहून काढली?" मंडपवाल्याले विचारलं.

"अबे, स्टेजले आडवी येत होती. हळद झाली का लावून देतो ना!"

चालू लाइन, हात लावाची हिंमत नाही झाली. लाइनमनले फोन लावला, "निघालोच" म्हणे. तेवढ्यात ढग गुरगुरला.

"उठा सगळे! डीपी फुटन!" मी बोंबललो. सगळे हसले. नवरीचा मामा म्हणे, "याले कांद्याचा रस पाजा गा, ऊन लागलं पोराले."

आईच्या खुर्चीले धरून ओढाले लागलो, तर तिनं हातावर चापट मारली. "मेल्या, शुभकार्यात काय अभद्र बोलून राहिला! सोड!"

पुन्हा चमकलं, आता पार जवळ. अन् माह्या तोंडातून आपोआप निघालं, "अरे चपला! गेटवर कोणी बोरीत चपला भरून राहिला गा! नव्या नव्याच उचलून राहिला!"

मंडप रिकामा झाला ना भाऊ. मामा धावला, भटजी धावले, नवरी हळदीच्या हातानं लुगडं सावरत धावली. अन् सगळ्यांच्या पुढं माही आई!

गेटपर्यंत पोहोचलो असन-नसन, तेवढ्यात सगळं पांढरंफक्क झालं. मग असा धडाका... कानात नुसती शिट्टी वाजत राहिली.

मागं वळून पाहिलं. जाळीतून काळं तेल उडालेलं, पडद्याले आग लागलेली. आईची प्लास्टिकची खुर्ची आकसून जमिनीले चिकटली होती.

तेवढ्यात पोहोचलेल्या लाइनमननं लाइन कापली, आम्ही वाळू टाकून आग विझवली. कोणाले ओरखडासुद्धा नाही.

तुमच्या बिल्डिंगमध्ये डीपी असन तर लांबूनच पाहून या, ती पट्टी जमिनीत जाते का नाही. सुटलेली दिसली तर हात नका लावू, लाइनमनले बोलवा. यावेळी मस्करी नाही करून राहिलो...

आईनं त्या खुर्चीकडं पाहिलं. माहं मनगट धरलं, ते अंधार पडेपर्यंत सोडलंच नाही. मे महिन्यातल्या नागपुरात तिचा हात बर्फासारखा थंड होता... पण होता, देवा. एवढंच पुरे.