गेणभाऊंचं नाव घेते

आमच्या मोठ्या जाऊबाई प्रयागबाई कधी भाषणाला उभ्या राहिल्या नाहीत की मोर्च्यात गेल्या नाहीत. सही म्हणाल तर अंगठा. तरी गावातल्या बायांना मत मिळवून दिलं ते त्यांनीच. कागदावर ते आधीपासून होतं म्हणा, पण खुंटीवरच्या विळ्यानं कधी गवत कापलंय का?

आमचं गाव पेठच्या बाजूला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे इथल्या बाया लहानपणीच शिकतात. आणि मतदानाच्या खोलीत साहेब पहिलं काय विचारणार, तर पूर्ण नाव. यादीत प्रयागबाया तीन, अंजना चार. बाई गप्प. एकीनं तर "आमच्या बाळ्याचं बाप" एवढंच सांगितलं. मग उमेदवाराचा माणूस म्हणून टेबलाशी बसलेले भावकीतले पुढारी दादाभाऊ उठत, नवऱ्याचं नाव सांगत आणि "अडाणी हाये, साहेब" म्हणत बाईमागोमाग आडोशाला जाऊन शिक्काही स्वतःच मारत. साहेबांनाही घरी जायची घाई असायची. मी दहावी पास, पण माझंही मत दोनदा दादाभाऊंनीच दिलं. सांगायला लाज वाटते.

सत्त्याण्णव साली ग्रामपंचायतीची एक जागा बाईसाठी राखीव झाली. आमच्या आळीतली अंजना उभी राहिली, तीही दादाभाऊंच्या मर्जीविरुद्ध. प्रयागबाईंनी तिला मताचा शब्द दिला आणि मग त्यांना घोर लागला. आदल्या दिवशी भाकरी वाढताना त्यांनी नवऱ्याला, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, भीत भीत विचारलं, "उद्या तुमचं नाव घ्यावं लागंल. चालंल का?"

"लग्नात घेतलं व्हतं की उखाण्यात. मेलो का मी?" गेणभाऊ हसले.

झालं! बाईंना वाट सापडली. सकाळी पाण्याला जाताना त्यांनी आम्हा सगळ्यांना तेच शिकवलं.

शाळेतल्या त्या खोलीत साहेबांनी नाव विचारलं, तसे दादाभाऊ खुर्चीवरून उठलेच. बाईंनी पदर सावरला.

"लेण्याद्रीच्या पायऱ्या चढले एका दमानं, गेणभाऊंचं नाव घेते, शिक्का मारते माझ्या मनानं!"

साहेबांनी हसत यादीत खूण केली. दादाभाऊ तंबाखूचा तोबरा धरून तसेच उभे. "बसा भाऊ," बाई म्हणाल्या, "माझं सांगून झालं." मागून आम्ही एकेक उखाणा घेत गेलो. माझा तर यमकात बसलाही नाही, पण शिक्का मी मारला. अंजना अकरा मतांनी निवडून आली.

दोन हजार तीन साली गेणभाऊ छातीच्या दुखण्यानं गेले. दहाव्यालाच भावकीतली एक म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, "चारचौघांत नाव घेऊन घेऊन खाल्लं नवऱ्याला." मला इतका संताप आला! बाईंनी मात्र पुढं वर्षभर गेणभाऊंचं नाव तोंडी आणलं नाही.

दुसऱ्या वर्षी लोकसभेचं मतदान आलं. पुन्हा तीच खोली, टेबलाशी पुन्हा दादाभाऊ. रांगेतल्या बाया प्रयागबाईंकडं बघत होत्या. त्या म्हातारीच्या बोलण्यानं सगळ्याच हबकल्या होत्या. बाईंच्या मागं इंद्रायणी होती, तिचा नवरा महिनाभर अंथरुणावर. बाई गप्प बसल्या असत्या, तर तीही बसली असती.

"प्रयागबाई... पुढं?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पदर कपाळावर ओढला. दादाभाऊ हळूच म्हणाले, "गेणभाऊ लिवा साहेब. रांडमुंड बाईला उखाणा घेता येत न्हाई. मीच जातो बरूबर."

"का?" बाई वळल्या. "धनी गेलं म्हणून माझं मत गेलं का?"

आणि त्यांनी मोकळ्या कपाळानं, भर खोलीत, तोच उखाणा घेतला. 'गेणभाऊंचं' म्हणताना आवाज फाटला, डोळे भरले, तरी थांबल्या नाहीत. शिक्क्याच्या जागी आता बटण आलं होतं, तेवढं बदलायलाही विसरल्या नाहीत. मग एकट्याच आडोशामागं गेल्या.

यंत्र वाजलं. साहेबांनी पुढचं नाव विचारलं. इंद्रायणीनं उखाणा घेतलाच नाही.

"इंद्रायणी," ती म्हणाली, "नवऱ्याचं नाव बहिरू."