कोयत्याला हात लावायचा न्हाई

आमच्या शिरूर कासारकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. भांडीकुंडी, कोंबड्या, सरपण आणि त्यावर लेकरं. मी मात्र चाकाची बॅग ओढत बीडच्या स्टँडवर उभी होते. मायनं त्या बॅगेत लोखंडी तवा कोंबला होता. तिकडं चूल असंल, पण तवा कोण देणार, असं तिचं म्हणणं. मी निघाले होते तो आफ्रिकेतला मलावी देश म्हणजे तिच्या लेखी कोल्हापूरच्या पलीकडचा एखादा ऊसतोडीचा फड. दादा, म्हणजे माझे वडील, एष्टी सुटेपर्यंत फलाटावर येरझाऱ्या घालत होते. गाडी हलली तसे खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "कोयत्याला हात लावायचा न्हाई."

शेजारची बाई फिस्सकन हसली. तिला काय माहीत! माय-दादा उसाला निघायचे तेव्हा मला आणि धाकट्या बहिणीला, पुष्पीला, चकलांब्याला मावशीकडं ठेवायचे. ट्रॉली हलली की दादा दर वर्षी ओरडून तेवढंच सांगायचे. शाळा सोडायची नाही, हा त्याचा अर्थ. त्या एका वाक्यावर मी नर्स झाले, बीडच्या दवाखान्यात राबले आणि मग दोन वर्षांसाठी व्हॉलंटियर होऊन इकडं आले.

ती दोन वर्षं आता संपत आलीत. हे लिहिते ते वस्तीवरच्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींसाठी. काहीतरी गोड लिहायचं मनात होतं. आता ते जमायचं नाही.

इथली माती आपल्यासारखीच, पाऊस येईस्तोवर नुसता फुफाटा. आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगून लेकरांची वजनं करायची आणि गरोदर बायांना तपासायचं, हे माझं काम. राहायला क्लिनिकशेजारी अगोगोच्या अंगणात एक खोली आहे. अगोगो म्हणजे आजी, सगळं गाव तिला तेच म्हणतं. मायचा तवा कामाला आला, बरं का. मक्याच्या पांढऱ्या पिठाची भाकरी थापताना बघून अगोगो आधी पोट धरून हसली आणि मग रोज मागायला लागली.

आल्या आल्या माझी फजिती झाली ती जोसेफपायी. एक माणूस सकाळी कुदळ घेऊन अगोगोच्या शेतात जायचा, ती सांगेल ते खाली मान घालून ऐकायचा. मला वाटलं, सालगडी. मी कळवळून त्याला एक जुना शर्ट देऊ केला. तर तो निघाला अगोगोचा जावई! या गावात लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो आणि सासूच्या रानात राबतो. आपल्याकडं जावयाला पाटावर बसवून जेवू घालतात, मग कुदळवाला जावई मला ओळखू यावा कसा? जोसेफ अजून मला बघितलं की शर्ट मागतो.

घरून फोन आला की मात्र एकच रडगाणं असायचं. कवा येतीस, लोक नावं ठेवायलेत, सत्तावीस वर्षांची झालीस तरी अर्धा कोयताच. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम सहसा उभं करत नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईनं लग्नं लावतात. पोरीचं वय कोण बघतंय, तिचे हात बघतात.

आणि गेल्या महिन्यात दादांचा सूर एकाएकी फिरला. "कावून घाई करतीस? राहा की अजून सा म्हैने." दोन वर्षं ये ये म्हणणारा माणूस आता राहा म्हणतो, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. मी मायला एकटीला गाठलं. ती आधी कोंबड्यांचं बोलली, मग पावसाचं, आणि मग हळूच म्हणाली, "पुष्पीचं ठरवलंय बाई. चौसाळ्याकडचं पोरगं हाय. दसऱ्याच्या आत उरकायचं म्हनत्यात."

पुष्पी अकरावीत आहे. तिला अजून सतरा पुरी नाहीत. पोरगा अर्धा कोयता, त्याला उरलेला अर्धा पाहिजे. मी आले तर खोडा घालीन, म्हणून मला समुद्रापलीकडंच ठेवायचा बेत. माझं टाळकंच फिरलं. अंगणात अगोगोपाशी येऊन बसले.

तिला मोडक्यातोडक्या चिचेवात, म्हणजे इथल्या भाषेत, सगळं सांगितलं. तिला एकच कळेना, पोरगा तुमच्या घरी कधी येणार? मी म्हटलं, तो नाही येत, तीच जाणार, तिकडं राबणार. अगोगोनं जोसेफकडं बोट केलं आणि म्हणाली, त्याला आधी हंगामभर तुझ्या आईच्या रानात राबू दे, मग पोरीचं बोला. मी रडत होते ती हसायला लागले. इथंही सगळं सोन्याचं नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी पोट घेऊन आलेल्या पोरी मी इथं तपासते, त्यांचे हाल डोळ्यांनी बघते. परक्यांच्या लेकींना घसा कोरडा करून सांगायचं, एवढ्यात नको गं बाई, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या वेळी गप्प बसायचं? ते होणे नाही.

दादांना फोन लावला. पोरगं निर्व्यसनी आहे, मायचे गुडघे गेलेत, चांगलं स्थळ परत येत नाही, सगळं सांगून झालं त्यांचं. मी ऐकेना तेव्हा भडकले. "तू आमाला शिकवायलीस का?"

"हो दादा, शिकवायले. तुमीच शाळेत घातलं होतं. ट्रॉली हलताना मला काय सांगायचे, ते पुष्पीला सांगा की आता."

दादांनी फोन मायकडं दिला, आणि ती पुन्हा कोंबड्यांचं बोलायला लागली.

आमची कोऑर्डिनेटर अजून एक वर्ष राहा म्हणत होती. मोह झाला, खोटं कशाला बोलू. इथं मला कोणी अर्धी म्हणत नाही. पण मी नाही म्हणून सांगितलं. घर सोडलेली माणसं घराच्या आठवणी काढून डोळे पुसतात, मीही पुसलेत. पण आता मला विचाराल तर जिथं हक्कानं भांडता येतं ते घर, आणि तसं घर मला एकच आहे.

तेव्हा मी येतेय, दसऱ्याच्या आधी. तवा अगोगोला देऊन येतेय, माय, तू रागावू नको. बालविवाह थांबवायचं काम ग्रामसेवकाचं, त्याचा नंबर माझ्याकडं आहे, तो लावायची पाळी माझ्यावर आणू नका. आणि चौसाळ्याच्या त्या पोराला लईच घाई असंल तर कुदळ घेऊन येऊ द्या आपल्या रानात. शर्ट मी देते.

काल पुष्पीचा मेसेज आला. ती कॉलेजला निघाली तेव्हा दादा दारात उभे होते, काहीतरी बोलायचं असल्यासारखे, पण बोलले नाहीत. बोलतील ते, मी ओळखते त्यांना. आणि नाही बोलले तर मी येतेच आहे. तोवर माझ्याकडून ऐक पुष्पे, कोयत्याला हात लावायचा न्हाई.