होडीची अट

नव्वदच्या दशकाच्या मध्यात वाशीच्या खाडीलगत खारफुटीसाठी जागा राखून ठेवली गेली आणि तिच्या तोंडाशी परिसराचं छोटं संग्रहालय उघडलं. आत मिठागरातली फावडी, जुनी जाळी, भाताची मापं. बाहेर पत्र्याच्या शेडखाली चौथऱ्यावर एक लाकडी होडी. व्यवस्था मी बघायचे. रविवारी आधी डांबराच्या गोळ्या बदलायच्या, मग जाळी उन्हात टाकायची, मग झाडलोट, मग कुलूप. कामं ठरलेली असली की मला बरं वाटतं.

होडी शेजारच्या कोळीवाड्यातल्या एका आजींची. त्यांचे यजमान तिच्यावर मासेमारी करत. ते गेले, मुलाने घर पाडून तिथे इमारत उठवली आणि होडी ठेवायला अंगणच उरलं नाही. देताना आजींनी एक अट घातली: नारळी पौर्णिमेला होडी खाडीत उतरवायची आणि नारळ तिच्यातूनच पाण्याला द्यायचा, यजमान देत तसा. संग्रहालयाच्या समितीने कबूल केलं. पहिल्या वर्षी गावच्या माणसांनी होडी खांद्यावरून नेली, आजी आत बसल्या, सगळं नीट पार पडलं.

पुढच्या उन्हाळ्यात खारफुटीभोवती कुंपण आलं. राडारोडा आणून टाकणारे ट्रक थांबवायला ते हवंच होतं, आम्हीच मागितलं होतं. ये-जा करायला त्यात माणसापुरतं एक फाटक ठेवलं.

पौर्णिमेला होडी फाटकाशी आली. आडवी केली, तिरकी केली. जाईना.

"वरून घ्या की," आजी म्हणाल्या.

"वर काटेरी तार हाय, आय," मुलगा म्हणाला.

"मना अडवाला लावलीय का?"

होडी धरलेला एकजण म्हणाला, "तुला कोन अडवतंय, म्हातारे? तू जा बिनधास्त."

"मी जाईन रं. हिचं काय?"

टेम्पोने पलीकडच्या जेट्टीवर नेऊ, असं मी म्हटलं. सणाच्या दिवशी टेम्पो कुठून मिळणार? मग म्हटलं, "आजी, यंदा काठावरून द्या नारळ."

"काठावरना कोनीपन देतंय, बाय. आमचा हिच्यातूनच जातो."

मुलाकडे पाहुणे जेवायला यायचे होते. "पुढल्या वर्षी बघू, चल," म्हणत त्याने होडी परत चौथऱ्यावर ठेववली. आजींनी नारळ होडीत मागच्या बाजूला ठेवला. यजमान वल्हं घेऊन तिथे बसत.

"ही जाईल तवा घेऊन जाईल," त्या म्हणाल्या.

मी मोठ्या फाटकासाठी अर्ज दिला. त्यासाठी पाण्याकडे जाणारी वाट रुंद करायची तर खारफुटी तोडावी लागेल, असं उत्तर आलं. ते खरंही होतं. म्हणून पुढच्या पौर्णिमेसाठी टेम्पो आधीच सांगून ठेवला. त्या दिवशी एका म्हाताऱ्या कोळ्याने होडीच्या फळ्यांवरून हात फिरवला. तापत्या पत्र्याखाली राहून त्या सुकून फाकल्या होत्या. सांध्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"ही पानी घेनार," तो म्हणाला. "बसू नका कोनी."

 आजी चौथऱ्याच्या कडेला बसून राहिल्या आणि मुलाबरोबर घरी गेल्या. त्यानंतर त्या संग्रहालयाकडे फिरकल्या नाहीत. टेम्पो मी परत पाठवला.

रविवारच्या कामांत होडी पुसणं होतंच. पुसताना तो नारळ उचलावा लागे. सुरुवातीला आत पाणी वाजायचं, मग वाजेनासं झालं. पुसून झालं की मी तो होता तिथेच ठेवायचे.