आरशाशेजारच्या चिठ्ठ्या

दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. लेकीच्या शिवणकामाच्या दुकानात काल एक गृहस्थ तणतणत आला. "आमच्या बायकांना फितवायचे धंदे करता काय इथे?" आणि हे तिने मला हसत हसत सांगावं!

सगळं त्या महिला मदतकेंद्राच्या जाहिरातीमुळे. चौकात भलामोठा फलक आहे. सुजलेला डोळा, 'घरात मारहाण होते? फोन करा', खाली नंबर. पण नवरा शेजारून चालत असताना कोण मान वर करणार? म्हणून लेकीने तोच नंबर साध्या कागदावर छापला, खालच्या कडेला फाडून नेता येतील अशा चिठ्ठ्या कातरल्या आणि कपडे घालून बघायच्या पडद्यामागे, आरशाशेजारी चिकटवला.

"आई, एवढ्याच जागेत बाई एकटी असते गं."

तीन आठवडे एक चिठ्ठी हलेल तर शपथ! पोरगी पार खट्टू झाली. मग मी माझा ड्रेस घालून बघायला गेले. चष्मा बाहेरच राहिला. मला वाटलं, दुकानाचाच नंबर. मैत्रिणींना द्यायला टर्रकन दोन फाडल्या.

"आई, तू? बाबांना कळलं तर चक्कर येऊन पडतील!"

आणि दुसऱ्या दिवशी आणखी तीन गेल्या! अखंड कागदाला पहिला हात कोण लावणार, एवढीच अडचण होती. आपल्याआधी कुणीतरी नेलीय म्हटल्यावर भीड चेपली. आता नवा कागद लावला की पहिल्या दोन लेक स्वतःच फाडते. मदतकेंद्रातल्या बाई परवा सांगत होत्या, महिन्याभरात नऊ जणी म्हणाल्या, नंबर आरशापाशी मिळाला. नऊ! फलक बघून फक्त एकीने फोन केला.

"अगं, पण त्या माणसाला तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, काका, ती बायकांची कपडे बदलायची जागा आहे. तिथे काय लावलंय ते तुम्हाला कसं कळलं?"

दुकानातल्या चारही गिऱ्हाइकांनी वळून बघितलं म्हणे. काका मागच्या पावली पसार!

पण तो परत आला तर? 'कागद काढून टाक,' असं सकाळी तिला बजावायचं मी ठरवलं होतं. हे लिहिता लिहिता त्या नऊ जणी काही डोळ्यांपुढून हलेनात. सकाळपर्यंत दम निघणार नाही. ती अजून शिवतच बसली असेल. आत्ताच फोन लावते. कागद राहू दे म्हणावं, आणि उद्यापासून संध्याकाळी गल्ल्यापाशी मी बसणार आहे. चष्मा लावून.