कमरपट्ट्याचे उरलेले दाणे

बडोद्याच्या घडियाळी पोळीत, त्या जुन्या गल्लीत, अहल्याबाई मोहित्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांच्याशी हुज्जत घालून जिंकलेला माणूसही नव्हता. बाईंचं काम एकच, तेही वर्षातून तीन महिने. संक्रांतीला नव्या सुनांना आणि तान्ह्या पोरांना काळ्या कपड्यांवर घालतात ना, ते हलव्याचे दागिने. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांतल्या पोरांचं बोरन्हाण त्यांच्या हातच्या दागिन्यांत झालं होतं. दुकानातला हलवा हा त्यांच्या मते साबुदाणाच, फक्त जरा माजलेला.

यजमान प्रतापसिंहराव रेल्वेच्या स्टोअरमध्ये होते. पणजोबा गायकवाडी घोडदळात, हे ते सांगितल्याशिवाय राहत नसत, पण स्वतः आयुष्यभर सायकलवर बसले. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा फत्तेसिंह कम्प्युटर शिकून अमेरिकेत गेला. तिकडे नाव ऐकून लोक त्याला सरदारजी समजतात आणि पगडी कुठे गेली असं विचारतात. राहिल्या अहल्याबाई, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि रस्त्यावरची गॅलरी.

त्या गॅलरीत वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यांतून त्यांनी बाग केली होती. उन्हाळ्यात तिच्याकडे बघवत नसे. पण कोजागिरी झाली, सकाळी पाण्याचा हंडा हाताला गार लागू लागला, की शेवंतीला कळ्या धरायच्या आणि बाईंनाही. लहरीपुऱ्याच्या बाजारातून पांढरे तीळ यायचे, ते निवडायचे, पाखडायचे. ओली हळद यायची, तिच्या चकत्या लिंबाच्या रसात पडायच्या. दुपारी गॅलरीत ऊन पाठीवर घेत, बोटं पिवळी करून बसायचं. एकट्या माणसाला यापेक्षा जास्त सुख लागत नाही, असं त्या म्हणत. म्हणत असत, खरं होतं असं नाही.

हलवा करणं हे घाईच्या माणसाचं कामच नव्हे. शेगडीत निखारे अगदी मंद, वर परात, परातीत मूठभर तीळ. साखरेचा पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. चटका बसतो, बसू द्यायचा. हवा कोरडी आणि गार हवी, पंखा बंद हवा, दार लोटलेलं हवं. असं रोज दोन तास, चार दिवस केलं की त्या तिळावर काटा फुलतो. मग एकेक दाणा दोऱ्यात बांधून हार, बांगड्या, कमरपट्टा. इतकं करून काय, तर पोर तासभर घालणार, अर्धं खाणार, आणि उरलेलं पावसाळ्यात पाणी होऊन जाणार.

नात शिवांगी तिकडेच जन्मली, पंच्याण्णवच्या मार्चमध्ये. त्या वर्षीपासून दर दिवाळीला अमेरिकेहून पाकीट येई आणि त्यात नातीच्या मापाचा दोरा. एक गाठ म्हणजे मनगट, दोन गाठी म्हणजे गळा, तीन गाठी म्हणजे कंबर. ही पद्धत बाईंनीच सुनेला, कोमलला, फोनवर समजावली होती. "इंचफिंच मला कळत नाही. दोरा पाठव." कोमल बिचारी दोरा पाठवायची. बाई त्या मापाने दागिने करून बिस्किटाच्या डब्यात ठेवायच्या आणि संक्रांत निघून जायची. पहिल्या वर्षी पोर लहान, दुसऱ्या वर्षी फत्तेची नवी नोकरी, तिसऱ्या वर्षी तिकीट नाही. जुने दोरे देवाच्या फळीखाली खिळ्याला लटकत राहिले. बोरन्हाण पाचवं वर्ष पुरं व्हायच्या आत करतात, म्हणून बाई धीर धरून होत्या.

चौथ्या वर्षी मात्र ती सगळी आली. डिसेंबरात आली आणि जानेवारीच्या सहा तारखेला जाणार होती, म्हणजे संक्रांतीच्या आठ दिवस आधी. आणि इथे बाईंनी हात दाखवून अवलक्षण केलं.

झालं असं, की जायच्या आदल्या दिवशी शिवांगीने डबा शोधून काढला. दागिने पाहून ती हरखली आणि मनगट पुढे करून म्हणाली, "आजी, घाल ना."

कोमल म्हणाली, "आई, आजच करून घेऊ या का? पोळीतली चार मुलं बोलावू. फोटो काढू."

"आज? धनुर्मास चालू आहे. गुजराती लोकसुद्धा कमुरतं म्हणून या दिवसांत काही करत नाहीत. संक्रांतीच्या आधी पोरीच्या अंगाला काळं लावायचं? आपल्यात नाही चालत."

"असू दे की गं आई, एवढं काय त्यात," फत्ते म्हणाला.

"पुढच्या वर्षी या तिथीला. अजून एक वर्ष आहे हातात."

असं म्हणून त्यांनी डबा फळीवर ठेवून दिला. शिवांगी काही वेळ मनगट तसंच धरून उभी होती. मग तिला कोमलने खाली नेलं, पोळीतल्या पतंगवाल्याकडे. बाईंना त्या वेळी वाटलं होतं, आपण बरोबर वागलो. आणि गंमत अशी, की शास्त्राप्रमाणे त्या बरोबरच होत्या.

पुढचं सगळं वर्ष त्या मनगटापाशी अडकलं. दूध तापवताना, शेवंतीची काडी लावताना ते डोळ्यांपुढे यायचं. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. ज्या बाईने सबंध पोळीला रीत शिकवली, तिने आपलंच चुकलं म्हणून कुणाच्या दारात रडायचं?

दिवाळीला पाकीट आलं. पाचवा दोरा. फत्ते फोनवर म्हणाला होता, या वर्षी दोन हजार साल लागतंय, कम्प्युटर बंद पडतील म्हणून सगळ्यांच्या रजा रद्द आहेत, पण एकदा साल उलटलं की दहा तारखेला आम्ही बडोद्यात. संक्रांत तुझ्याकडेच. अहल्याबाईंनी बाकी सगळ्या ऑर्डरी बाजूला सारल्या. त्या हिवाळ्यात थंडीही अशी पडली, की हलव्याला असा काटा त्यांनी कधी पाहिला नव्हता. नव्या दोऱ्याने माप घेऊन त्यांनी कमरपट्टा केला तीन पदरी, मध्ये हलव्याचं फूल. लहरीपुऱ्यातून काळं खणाचं कापड आणून परकर शिवला. बोरं कुणाकडून घ्यायची ते ठरवलं.

साल उलटलं. कम्प्युटर कुठे बंद पडले नाहीत. पाच तारखेला सकाळी फोन आला.

"आई, नाही जमत गं. साहेब म्हणतात, महिनाभर लक्ष ठेवावं लागेल."

"बंद पडलं नाही ना काही?"

"नाही पडलं. तरीपण."

"बरं."

"मार्चमध्ये बघतो."

मार्चमध्ये पोरीला पाच पुरी होणार होती. हे दोघांनाही माहीत होतं. बाईंनी फोन ठेवला, शेवंतीला पाणी घातलं, आणि मग लक्षात आलं की मघाशी एकदा घातलंच होतं. गॅलरीतून पाणी खाली कुणाच्या तरी स्कूटरवर गळत होतं.

दोन दिवसांनी खालच्या शालिनीताई जिना चढून आल्या. त्यांची लेक मस्कतहून आली होती, तिच्याबरोबर पावणेचार वर्षांची नात, राजनंदिनी. शालिनीताई दारातच घुटमळल्या. पोळीत कुणी अहल्याबाईंकडे संक्रांतीच्या आधी दागिने मागायला जात नसे. मागितले तर दागिने मिळत नसत, वर प्रवचन मिळे.

"वहिनी, रागावू नका. पोरीचं विमान दहा तारखेला आहे. मला माहीत आहे, धनुर्मास आहे. तुम्ही नाही म्हणाल तर मी परत जाते."

अहल्याबाईंनी फळीवरचा डबा खाली काढला.

"कधी करायचं म्हणता?" त्यांनी विचारलं.

"उद्या... चालेल का?"

"उद्या कशाला? आज दुपारी करा. पोरं गोळा करा, बोरं आणा."

शालिनीताई बघतच राहिल्या. "पण शास्त्र..."

"शास्त्राचं मी बघते. तुम्ही पाट मांडा."

विधवा झाल्यापासून बाई कुणाच्या बोरन्हाणाला जात नव्हत्या. दागिने पाठवायच्या, आपण वर बसून खालचा कालवा ऐकायच्या. त्या दिवशी डबा घेऊन स्वतः खाली गेल्या. राजनंदिनी पाटावर बसली होती, भोवती पोळीतली सात-आठ पोरं, हात शिवशिवत असलेली. काळा परकरही बाईंनी आपलाच दिला. तो पोरीच्या पायांत घोळला, तेव्हा तिची आई म्हणाली, चालशे, वर खोचते.

हार घातला. तो पोटापर्यंत आला. बांगड्या हातातून निसटू लागल्या. कमरपट्टा बांधायला तिला उभं केलं, तर तो खाली घसरला.

"सैल होतोय हो," शालिनीताई म्हणाल्या. "कुणाच्या मापाचा?"

"शिवांगीच्या."

अहल्याबाई खाली बसल्या. राजनंदिनी कमरेवर हात ठेवून, बोरांच्या सुपाकडे डोळे लावून उभी होती. गेल्या वर्षी शिवांगी हुबेहूब एवढीच होती, हेच वय, हीच उंची, असंच मनगट. कमरपट्ट्याचे तिन्ही पदर मागे ओढून बाईंनी गाठ मारली आणि जास्तीचं कापून काढलं. तेवढे दाणे त्यांच्या हातात आले. एवढी शिवांगी वाढली होती.

वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडले आणि पोरांनी एकच गलका केला. राजनंदिनी आपल्या बांगड्या चाटत होती. शालिनीताईंनी अहल्याबाईंच्या हातावर बोरं ठेवायला हात पुढे केला, पण बाईंची मूठ मिटलेली होती.

"तुमच्या नातीचं कधी करणार, वहिनी?"

"तिचं राहिलं," अहल्याबाई म्हणाल्या. "मी घातले नाहीत. तिने हात पुढे केला होता."