डोरीन मिसचं मूळ गाव

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या जमतात तसे ते जमतात. टाकवत नाहीत, कामाला येत नाहीत, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर पडतात. माझ्याकडे असे बरेच झालेत, आणि त्यातले बहुतेक आयर्लंडचे आहेत. मी आयर्लंड पाहिलेलं नाही. मी हैदराबादला नल्लकुंट्यात राहते, रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर झालेय, आणि आमचं मूळ गाव परभणीकडे, जिथे आता आमचं कोणीच नाही.

हे सगळं सुरू झालं सिकंदराबादच्या डोरीन मिसमुळे. डोरीन मिस रेल्वेच्या शाळेत शिकवायची. अँग्लो-इंडियन, लग्न केलं नाही, वय विचारलं तर "काफी है" म्हणते. तिचा खापरपणजोबा आयर्लंडहून पलटणीबरोबर आला आणि सिकंदराबादच्या छावणीतच राहिला. तिथे अशी घरं खूप होती. बहुतेक उठून पर्थला नाहीतर टोरांटोला गेली. आता त्यांची नातवंडं आजोबांच्या कबरी शोधत परत येतात. त्यांना कबर दाखवायची, जुन्या घराची गल्ली दाखवायची, इराणी हॉटेलात चहा पाजायचा, हे काम डोरीन मिस करते. मी सोबत जाते, कारण घरी बसून करायचं काय.

तिसरे जोगळेकर. पुण्याचे. मुलगा आयटीत, म्हणून हे कुकटपल्लीत. पुण्यात असताना त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत संपादित केला. तो छापून झाल्यावर हाताला काम उरलं नाही, तेव्हा ते आयरिश लोकांच्या मागे लागले.

* * *

जोगळेकरांची एक पद्धत आहे. समोर कोणीही येवो, पहिला प्रश्न मूळ गाव कुठलं, दुसरा कुलदैवत कोणतं.

एकदा डब्लिनहून एक उंच, शांत गृहस्थ आले. पणजोबांची कबर बघायची होती. मल्लेशने, म्हणजे कबरस्तानाच्या माळ्याने, वेली बाजूला केल्या, दगड धुतला. गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. डोळ्यांत पाणी. आणि जोगळेकरांनी तो मुहूर्त साधून इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घराण्याचा देव कुठला?"

मी दुसरीकडे बघायला लागले. डोरीन मिसने छातीवर क्रॉसची खूण केली.

गृहस्थांनी मात्र नीट विचार केला. म्हणाले, "आमच्या गावी एका संताची विहीर आहे. आम्ही आता शहरात राहतो, पण वर्षातून एकदा सगळे तिथे जाऊन येतो. का जातो ते विचारू नका. आई न्यायची."

जोगळेकर आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "निघालं की नाही कुलदैवत!"

त्या दिवसापासून त्यांच्या मते आयरिश माणूस आणि कोकणस्थ यांच्यात फक्त मांसाहाराचा फरक आहे. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत तिकडेही आहे हे कळल्यावर तर तोही फरक त्यांनी माफ करून टाकला.

* * *

डोरीन मिसला मोबाइल तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. व्हॉट्सअॅप शिकवायची पाळी माझ्यावर आली. सगळं शिकली, एक खोड गेली नाही. कुठलाही मेसेज असो, खाली ती सही करते. पाणी आलं का? डोरीन. हो आलं. डोरीन. एकदा नुसता अंगठा पाठवला, त्याच्याखालीही डोरीन.

मी म्हटलं, "अगं, वर नाव दिसतंच की."

"शकू, बच्चों को पूरी जिंदगी सिखाया, बगैर साइन का लेटर नक्को भेजो. अब मैं भेजूँ?"

मी नाद सोडला.

* * *

जोगळेकरांनी एक दिवस डीएनएचं किट आणलं. नळीत थुंकायचं आणि परदेशी पाठवायचं. तुमचे नातेवाईक जगात कुठे कुठे आहेत ते कळतं म्हणे. थुंकण्याआधी काही खायचं-प्यायचं नाही अशी अट होती. आम्ही बसलो होतो इराणी हॉटेलात, समोर उस्मानिया बिस्किटं. डोरीन मिस बिस्किटांकडे बघत होती आणि जोगळेकर घड्याळाकडे.

शेवटी नळी भरली. कुरिअरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने डबी हलवून विचारलं, "इसमें क्या है, आंटी?"

"मेरे दादा-परदादा हैं. सँभाल के," डोरीन मिस म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि पावतीवर लिहिलं, पर्सनल आयटम.

* * *

दोन नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांचा दिवस. घरोघरची माणसं कबरी धुतात, चुना लावतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. आता घरंच परदेशी गेली, म्हणून फोन डोरीन मिसला येतात. पपांच्या कबरीवर एक लावा, नॅनाच्या, म्हणजे आजीच्या, कबरीवर एक लावा. ती पिशवीभर मेणबत्त्या घेऊन निघते, मागे मल्लेश, त्याच्या मागे मी काडेपेटी घेऊन.

दोन वर्षांपूर्वी पर्थहून एकाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला आजोबांची कबर बघायची होती. फोन मी धरला होता. तो बघता बघता रडायला लागला. आजोबांशी बोलायला लागला, लहानपणच्या चुका सांगायला लागला. मल्लेश हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अम्मा, ये इनका नहीं, बाजूवाला है."

मी डोरीन मिसकडे बघितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"रोने दो," ती कुजबुजली. "इस बेचारे का कोई नहीं है. बरसों से कोई आया नहीं. उसकू भी अच्छा लगेगा."

त्याचं रडून झाल्यावर आम्ही फोन सावकाश बाजूला सरकवला आणि खऱ्या आजोबांचीही भेट घडवली.

मेणबत्त्या लागल्या. आम्ही बाकावर बसलो. समोर तिच्या आईची कबर, आणि शेजारी तिने स्वतःसाठी ठेवलेली मोकळी जागा. तिने त्या मोकळ्या जागेवरची वाळकी पानं उचलून टाकली. मग म्हणाली, "शकू, चर्च में इस महीने नाम पढ़ते. घरवाले जाके नाम देते, फादर पढ़ते. मेरा नाम कौन देगा?"

तिचा भाऊ टोरांटोला वारला. त्याच्या मुलांचा पत्ता नाही. आपल्याकडेही पितृपंधरवड्यात नाव घेणारं कोणीतरी लागतंच, त्यामुळे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मी देईन ना," मी म्हटलं.

"तू कौनसी जवान है?"

दोघी हसलो. पण घरी येताना रिक्षात मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी जोगळेकरांना फोन केला. म्हटलं, बाकीचे आयरिश राहू द्या, आधी हिचं माणूस शोधा.

* * *

शोध सोपा नव्हता. डीएनएमधून निघाले ते सगळे फार लांबचे, आणि पत्राला उत्तर न देणारे. खापरपणजोबाचं गाव कोणालाच माहीत नव्हतं. नाव विचाराल तर ते असं, की त्या देशात दगड मारला तर त्या नावाच्या माणसाला लागेल.

जोगळेकर आपल्या पद्धतीवर आले. "डोरीनबाई, तुमचं कुलदैवत कोणतं?"

"फिर शुरू हो गए," ती म्हणाली.

पण ते हटेनात. घरात पिढ्यान्पिढ्या कुठल्या संताचं काही करतात का, म्हणून खोदून खोदून विचारलं. तेव्हा ती लाजत लाजत म्हणाली की घरातल्या एका तरी मुलीला एक विचित्र मधलं नाव ठेवायचंच असा रिवाज आहे. आत्याचं होतं, तिचंही आहे. शाळेत मुली हसतील म्हणून तिने ते कधी कोणाला सांगितलं नाही. मला ते कळलंय, पण लिहिणार नाही असं वचन दिलंय.

जोगळेकरांनी दोन दिवसांत शोधलं. ते एका संतिणीचं नाव होतं, आणि तिला मानणारे मुख्यतः एकाच डोंगराळ भागातले लोक. त्यांनी तिथल्या चर्चला ईमेल पाठवलं. चर्चने ते गावातल्या एका बाईंना दिलं, कारण ते मधलं नाव त्यांच्याही घरात होतं. त्या बाई नोरा. डोरीनच्या खापरपणजोबाच्या धाकट्या भावाची पणती.

जोगळेकरांनी त्या दिवशी आम्हाला चहा पाजला. पुण्याच्या माणसाने. यावरून काय ते समजा.

* * *

पहिला व्हिडिओ कॉल डोरीन मिसच्या घरी झाला. तिने लेसचा ब्लाउज घातला होता, लिपस्टिक लावली होती, मागच्या भिंतीवर आईबापांचा लग्नाचा फोटो. जोगळेकरांनी वंशावळ मोठ्या कागदावर काढून आणली होती. मी कागदाचं एक टोक धरून उभी.

पडद्यावर नोरा आली ती गोठ्यातून. गमबूट, डोक्याला रुमाल, मागे गाय. तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे पाऊस आहे का?"

मग पाऊस. मग गाय. मग थंडीत गुडघा दुखतो ते. डोरीन मिस म्हणाली, माझाही डावाच. नोरा म्हणाली, आईचाही डावाच होता. डोरीन मिस म्हणाली, पपांचाही. माझे हात भरून आले तरी वंशावळीकडे कोणी बघेना.

जोगळेकरांना राहवेना. "अहो, हा पुरावा बघा ना आधी!"

"कायकू?" डोरीन मिस म्हणाली. "घुटना मिल गया ना."

* * *

नंतर त्या दोघी दर आठवड्याला बोलू लागल्या. एकदा मीही होते. नोरा सांगत होती, पूर्वी त्यांच्या गावातून कोणी परदेशी जायला निघालं की आदल्या रात्री सगळं गाव त्याच्या घरी जमायचं. गाणी व्हायची, खाणं व्हायचं, आणि बायका रडायच्या, मयताला बसतात तशा. गेलेला माणूस परत येत नसे, म्हणून जिवंतपणीच बसून घ्यायचे. डोरीनच्या खापरपणजोबासाठीही बसले होते. त्याची आई म्हणे पहाटेपर्यंत हलली नाही.

डोरीन मिसने ते मला नीट समजावून सांगितलं. मग म्हणाली, "मेरा भाई गया तब स्टेशन पे मम्मी भी ऐसीच बैठी थी. गाड़ी गई, फिर भी बैठी थी."

गोठ्यातली गाय तेवढी हंबरली.

* * *

आता शेवटचा. हा मागच्या नोव्हेंबरचा.

नोरा म्हणाली, तुमच्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं पाठव, आमच्या चर्चमध्ये आमच्या माणसांबरोबर वाचायला देते. डोरीन मिस दोन दिवस नुसती खूश होती. मग नावं सांगायला बसली आणि मी तिच्या फोनवर एकाखाली एक टाइप केली. खापरपणजोबा, पणजोबा, आजी-आजोबा, पपा, मम्मी, आत्या, भाऊ. शेवटी तिने आणखी एक नाव सांगितलं. ते तिच्या घरातलं नव्हतं.

"हा कोण?" मी विचारलं.

"वो बाजूवाला. जिसके पास पर्थवाला रोया."

मी तेही टाइप केलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून सगळं वाचलं, आपल्या पद्धतीने पुरं केलं आणि पाठवून दिलं. नोराला गाईगुरांतून सवड कुठली. तिने मेसेज होता तसाच चर्चच्या ऑफिसला फॉरवर्ड केला, आणि तिथल्या माणसाने तो होता तसाच उतरवून घेतला.

त्यांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, इंटरनेटवर दिसते. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. डोरीन मिसच्या टेबलावर जोगळेकरांचा लॅपटॉप, समोर आम्ही तिघं. तिने चर्चला जायची साडी नेसली होती आणि समोर आईसाठी मेणबत्ती लावली होती. पडद्यावर छोटं दगडी चर्च, कोट घातलेली माणसं. तिसऱ्या बाकावर नोरा आज गमबुटाशिवाय होती.

फादर सावकाश नावं वाचू लागले. गावातली बरीच झाली. मग तिची आली. खापरपणजोबाचं नाव त्याच्या गावात वाचलं गेलं तेव्हा तिने माझा हात धरला. पपा. मम्मी. भाऊ. तो बाजूवाला, त्याचंही नाव अगदी नीट घेतलं. आणि त्याच्यानंतर फादर त्याच आवाजात म्हणाले, "डोरीन."

सगळं चर्च म्हणालं, त्यांच्या आत्म्याला शांती मिळो.

माझा हात तिच्या हातातच होता आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. जोगळेकर लाल झाले. खिशातून मोबाइल काढत म्हणाले, "छे छे, भलतंच! मी आत्ता नोराबाईंना फोन लावतो. त्यांना सांगून दुरुस्त करून घेऊ."

डोरीन मिसने त्यांचा मोबाइल अलगद खाली ठेवला.

"फोन नक्को," ती म्हणाली. "जरा पीछे लेके फिर से लगाओ. मेरा नाम और एक बार सुनना है. बाद में मेरेकू कौन सुनाएगा?"